पूजेनंतर लागणारी सेटिंग

नेटवर्क कार्डाला सेटिंग असतात हे लई लोकांना माहीतच नसतं. मला कळलं तेव्हा मी वर्गातल्या सगळ्यांना सांगितलं, मग मेसच्या मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं, पोळ्या किती वाढू.

पण खरंच भारी गोष्ट आहे. लिनक्समध्ये कार्डाला चालवणारा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो हट्टी नसतो. किती वेगानं जायचं, काम नसताना झोपायचं का, तारेच्या दुसऱ्या टोकाशी काय ठरवायचं, हे सगळं टर्मिनलमध्ये एक ओळ टाकून बदलता येतं. मी नांदेडला बीसीएला होते अन् दिवसभर हेच करून राहिले होते. ह्याचा कुणाला उपयोग होईल असं मलाही वाटत नव्हतं.

मग उदगीरहून ताईचा फोन आला.

ताई म्हणजे माझ्या काकांची मुलगी. एमएस्सी, गणित. काकूच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळं तिला घर सोडून कुठं जाता येत नव्हतं. लातूरच्या एका क्लासला ऑनलाइन गणित शिकवणारी पाहिजे होती. घरून शिकवायचं, फक्त आधी एक डेमो. तीन सर समोर बसून बघणार, अन् शिकवण्यासोबत नेटही बघणार, कारण आधीच्या मॅडमचं नेट दर तासाला जायचं. घरात राहून करता येण्यासारखी तिच्यापुढं आलेली ही पहिलीच नोकरी होती. अन् तिचं नेट दर मिनिटाला जात होतं.

मी रेल्वेनं उदगीरला गेले. काकांची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत आहे, खाली दुकान, वर घर. राउटर खाली गल्ल्याजवळ. वायफाय सोयाबीनच्या पोत्यांतून वर यायचं नाही, अन् बाजार भरला की मोबाईलची रेंज बसायची. म्हणून खालून वर ताईच्या खोलीत एक तार टाकली होती. त्या तारेवर नंतर काकांनी नवी फरशी बसवली होती. कम्प्युटर जुना होता, त्यावर लिनक्स मीच टाकून दिलं होतं. त्यामुळं घरातलं काहीही बिघडलं की माझं नाव निघायचं. एकदा मिक्सरही.

मी सिस्टीमचा लॉग, म्हणजे कम्प्युटर स्वतः ठेवतो ती नोंदवही, उघडला. लिंक चालू, लिंक बंद, लिंक चालू, लिंक बंद. खाली शेवटपर्यंत तेवढंच. त्या तारेत आठ बारीक तारा असतात, मोठ्या वेगाला आठही लागतात, कमी वेगाला चार पुरतात. फरशी बसवताना एखाददुसरी दबली असणार. कार्ड दर वेळी मोठा वेग धरायला जायचं अन् पडायचं. मी काकांना म्हटलं, तार बदलावी लागेल. काकांनी फरशीकडं बघितलं, मग माझ्याकडं, अन् चहा सांगितला.

म्हणजे ड्रायव्हरलाच समजवायचं होतं की बाबा, झेपतं तेवढंच धर.

पहिल्यांदा मी घाईत चुकले. तार जोडली की दोन्ही टोकं आधी आपसात सौदा करतात, तुला किती जमतं, मला किती जमतं. मी तो सौदाच बंद केला अन् कार्डाला कमी वेग ठरवून दिला. लिंक पडायची थांबली, पण ताईचा आवाज तुकडे तुकडे होऊन जायला लागला. कारण ह्या टोकानं काहीच सांगितलं नाही की ते टोक समजतं, इथं एका वेळी एकानंच बोलायचं असतं. हे टोक मात्र दोघांनी एकदमच बोलायचं धरून बसतं. आमच्या घरात असं रोजच होतं, पण कार्डांना ते चालत नाही.

मग बरोबर ओळ टाकली. सौदा कर, पण सांगताना फक्त कमी वेगच सांग. नेट घट्ट बसलं. त्या संध्याकाळी मी खाली दुकानात मोबाईल धरून विद्यार्थी झाले अन् ताईनं वरून मला सगळी संभाव्यता शिकवली. मला काही कळलं नाही. नेट एकदाही गेलं नाही.

अशी टाकलेली सेटिंग कम्प्युटर बंद होईपर्यंतच टिकते. चालू होताना आपोआप लागावी म्हणून ती फाईलीत लिहून ठेवावी लागते. ते मी डेमो झाल्यावर करणार होते. तोपर्यंत घरातल्या सगळ्यांना बजावलं, कम्प्युटर बंद करायचा नाही. काकूनं मान हलवली. काका म्हणाले, "हाव, कोण कशाला बंद करतंय."

डेमोच्या सकाळी मी आंघोळ करून आले तर मॉनिटरला हळदीकुंकू होतं. सीपीयूपुढं नारळ. कीबोर्डवर झेंडूचं एक फूल, बरोबर एंटरवर. कम्प्युटर नुकताच चालू होत होता.

मी विचारलं, बंद कुणी केला होता.

"बंद कुठं केला?" काका म्हणाले. "पूजा केली."

आडतीतला नियम आहे. दसऱ्याला काटा पुजायचा तर आधी रिकामा करून थांबवायचा, मोटार पुजायची तर बटण पाडायचं. "चालत्या वस्तूला कुंकू लावत नसतेत," काकांनी मला समजावलं. माझं सांगणं त्यांच्या लक्षात होतं. ते पूजेला लागू होतं असं त्यांना वाटलं नव्हतं.

तेवढ्यात लातूरचा कॉल आला. ठरल्या वेळेच्या आधीच. ताईनं उचलला, फळ्यापाशी जाऊन उभी राहिली अन् सुरू केलं. दोन वाक्यांत सर गोठले. परत आले. परत गोठले. मधले सर म्हणाले, मॅडम, असंच होत राहिलं तर थांबवावं लागेल.

मी कीबोर्ड ओढून घेतला अन् कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून टेबलाच्या बाजूला फरशीवर बसले, त्याच फरशीवर. एरवी मी लई फास्ट टाइप करते, वर्गात पैज लावते. त्या दिवशी आवाज नको म्हणून एका बोटानं केलं. ओळ तयार झाली. पण एंटर दाबलं की लिंक पडून नव्यानं सौदा होणार, म्हणजे काही सेकंद नेट पूर्ण जाणार. अजून एकदा गेलं की सर कॉल ठेवणार. मी बोट एंटरवर ठेवून ताईकडं बघितलं. बोटाला कुंकू लागलं होतं.

ताईनं माझ्याकडं बघितलं नाही. फळ्यावर गणित लिहिलं, पेटीत इतके लाल चेंडू, इतके निळे, खडू खाली ठेवला.

"एवढं एक तुम्हीच सोडवून बघा सर," ती म्हणाली. "मी थांबते."

तिन्ही सरांनी माना खाली घातल्या. मी एंटर दाबलं. तिघं माना खाली घातलेल्या अवस्थेतच गोठले, अन् सुटले तेव्हाही माना खालीच होत्या. कुणाला काही कळलं नाही. मग डावीकडच्या सरांनी उत्तर सांगितलं. ते चुकलं होतं.

"लई पोरं इथंच चुकतेत सर," ताई म्हणाली, अन् पुढचा अर्धा तास सलग शिकवलं.

नोकरी लागली. काकांनी पेढे वाटताना सगळ्यांना सांगितलं की सकाळी पूजा केली होती. मी त्याच दुपारी सेटिंग फाईलीत टाकली अन् काकांना म्हटलं, आता बंद करून चालू केलं तरी काही होत नाही. ते खूश झाले. म्हणाले, "मग दर अमावस्येला करता येईल."

करतात. ताई त्या दिवशी पहिला तास थोडा उशिरा लावते.

फाईलीत त्या ओळीच्या वर मी एक टीप लिहून ठेवलीय, पुढं कुणी उघडलीच तर कळावं म्हणून. काढू नये, पूजेनंतर लागते.