प्रशिक्षिकेला दिलेला लाडवांचा डबा

माझी नात मिशिगनमधल्या एका कॉलेजच्या सॉकर संघात फॉरवर्ड आहे. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. या मोसमात डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली, तरी प्रशिक्षिका तिला बाकावरच बसवून ठेवी. पहिल्या अकरांतली जागा परत मिळवायची, याखेरीज त्या मुलीच्या डोक्यात दुसरे काही नव्हते.

मी मिशिगनमधल्याच नोव्हाय शहरात मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर होतो. आता निवृत्त आहे. आमच्या लहानपणी मुलाचे काही अडले की घरातले वडीलधारे हेडमास्तरांना भेटून येत, आणि रिकाम्या हाताने जात नसत. इतकी वर्षे इथे काढूनही मी तेच केले. एका सामन्यानंतर, पत्नीने केलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन प्रशिक्षिकेसमोर उभा राहिलो आणि नातीला खेळवावे, असे सुचवले.

तिने सगळे ऐकून घेतले. “कोण खेळणार याबद्दल मी घरच्यांशी बोलत नाही, सर,” एवढेच म्हणाली. मी डबा तिच्या हातात ठेवून परतलो. त्या वेळी मला समाधान वाटले होते.

नातीला होस्टेलवर सोडायला निघालो. ती खिडकीबाहेर पाहत होती.

“आजोबा, तुम्ही कोचशी बोललात?”

“शब्द टाकला.”

“नोबडी डज दॅट. कोणाचे पेरेंट्सपण नाही करत.” मग हळू आवाजात, “पुढच्या मॅचला मी पहिल्यापासून खेळणार होते. तिने मला कालच सांगितलं होतं.”

“मग झाले तर.”

“आता सगळ्या म्हणणार, लाडू देऊन जागा मिळाली.”

होस्टेल आले तशी ती गाडीतून उतरून आत निघून गेली.

दोन दिवसांनी माझ्या मुलाचा, तिच्या वडिलांचा, फोन आला. मला पहिल्यापासून खेळवू नका, नंतर बाकावरूनच मैदानात उतरवा, असे नातीने आपण होऊन प्रशिक्षिकेला सांगितले होते. मुलाने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे झाले असते.

सामन्याला येऊ का, असे मी नातीला विचारले. “या. पण जागेवरून उठू नका.”

उत्तरार्धात ती मैदानात उतरली. “गो, लाडू!” बाकावरच्या मुली ओरडल्या. तिने हसून हात हलवला. तिच्या पासवर दुसरीने गोल केला. आजूबाजूचे सगळे उठून उभे राहिले. मी बसून होतो.

सामना संपल्यावर नात पायऱ्या चढून माझ्यापाशी आली. हातात डबा होता.

“कोचने धुऊन दिलाय. तिला गिफ्ट घेता येत नाही. लाडू टीमने खाल्ले.”

घरी पत्नीने झाकण उघडून पाहिले. डब्यावरून काय घडले, ते तिला मी सांगितलेले नव्हते.

“रिकामाच आला? आवडले का त्यांना?”

“आवडले.”

“मग पुढच्या मॅचला जास्त करते.”

मी डबा पुसला आणि तिचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवून दिला.