गाळलेली दोनशे त्रेसष्ट माणसं

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच शाळेच्या सभागृहात, जनगणनेच्या प्रशिक्षणाच्या दिवशी. माझ्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष होतं आणि सहा प्रगणकांवर देखरेख ठेवण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. मागच्या बाकावरची एक सडपातळ मुलगी उभी राहिली आणि तिनं विचारलं, "बाई, दाराला कुलूप आहे, पण दोरीवर ओले कपडे आहेत. घर रिकामं धरायचं का?" सगळे हसले. ती हसली नाही. मी म्हटलं, कपडे वाळायच्या आत पुन्हा जाऊन ये. तिनं ते वहीत लिहून घेतलं आणि खाली पट्टीनं रेघ मारली.

ती नगरपालिकेच्या वॉर्ड ऑफिसात कारकून होती. पाच वर्षांपूर्वी लग्न होऊन आली होती, शेजारच्या शहरातून. नवरा शहर बसवर ड्रायव्हर, घरात सासू, एवढाच संसार. सासू तिला नावानं कधी हाक मारत नसे. 'तिकडची' म्हणायची. "तिकडचीनं आज भात करपवला," असं दारात उभं राहून गल्लीला सांगायची, आणि तिकडचीचं डोकं दुखत असलं की तीच बाम घेऊन उशाशी बसायची.

हे 'तिकडे' म्हणजे काय ते सांगायला हवं. आमचं शहर आणि ते शहर यांच्यात बसनं दीड तासाचं अंतर. दोन्ही मध्यम आकाराची, दोन्ही दर वर्षी फुगत चाललेली. माझ्या वर्गात एका बाकावर आधी दोन मुलं बसत, मग तीन, शेवटी चार. चौथ्याची एक मांडी कायम बाहेर. आमचं कॉलेज जुनं, तर त्यांचे रस्ते रुंद. तिकडचा माणूस पाहुण्याला पाणी गाळून देतो आणि तो जाताना भांडी मोजून घेतो, असं आम्ही म्हणायचो. ते आमच्याबद्दल काय म्हणायचे ते तिनं मला एकदा सांगितलं होतं. ते मी इथं लिहीत नाही.

थट्टा होती तोवर ठीक होतं. पण त्या वर्षी जाहीर झालं की मोठं सरकारी रुग्णालय दोघांपैकी एकाच शहरात होईल, ज्याची वस्ती पाच लाखांवर भरेल तिथे. तेव्हापासून चहाच्या टपरीवरसुद्धा माणसं माणसांची संख्या बोलू लागली.

मोजणी झाली. तिचे कागद सर्वांत स्वच्छ होते. मी पानापानावर सह्या केल्या. चार महिन्यांनी तात्पुरते आकडे लागले. आमचे चार लाख नव्व्याण्णव हजार सातशे अठ्ठ्याऐंशी. दोनशे बारा कमी. तिकडचे पाच लाखांच्या वर, थोडेच, पण वर.

पहिल्या दिवशी नुसती चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या काचा फुटल्या. तिसऱ्या दिवशी तिकडून आलेल्या बसवर दगड पडले आणि एका म्हाताऱ्याच्या चष्म्याची काच डोळ्यात गेली. मग बोलवा उठली की मोजणीत कोणीतरी फितूर होतं, तिकडच्या एका बाईनं मुद्दाम माणसं गाळली. माणसं खरोखरच गाळली गेली आहेत हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. लोकांना बोलायला काहीतरी हवं होतं, एवढंच.

चौथ्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली. हातात भाजीची पिशवी, पिशवीत भाजी नाही. आत येऊन तिनं स्वतःच दार लावलं आणि कडी नीट बसली का ते दोनदा पाहिलं. मग पिशवीतून कच्ची वही काढली.

तिच्या हद्दीत शीतगृहाच्या मागे चार इमारती होत्या. तिकडची गिरणी बंद पडल्यावर तिथली कुटुंबं कामाच्या शोधात आमच्याकडे आली, ती या इमारतींत राहिली. सहा वर्षं झाली होती. मुलं आमच्या शाळेत शिकत होती. पण आमच्या भागात कोणाच्याही दारात गेलं की पहिला प्रश्न असतो, तुम्ही कुठले? तिनंही तोच विचारला. ते म्हणाले, तिकडचे. मग कायमचं घर कुठं, तर म्हणाले, तिकडेच की. तिनं त्यांना पाहुणे म्हणून लिहिलं. चारही इमारती, एकूण दोनशे त्रेसष्ट माणसं. पाहुणे त्यांच्या कायमच्या घरी मोजले जातात. या लोकांच्या कायमच्या घरांना सहा वर्षं कुलूप होतं, त्यामुळे ते कुठेच मोजले गेले नाहीत.

"बाई, मागचे सहा महिने कुठे राहिलात हे विचारायचं होतं, आणि जिथं राहिले तिथंच मोजायचं होतं. तुम्ही शिकवलं होतं. मी विचारलंच नाही," ती म्हणाली. "मलापण कोणी विचारलं तर मी तिकडची असंच सांगते. मला ते खरंच वाटलं."

मी वही पाहिली. पानामागून पान, 'पाहुणे, पाहुणे'. या सगळ्याची पक्की प्रत माझ्या हातून गेली होती. मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ते लोक तिकडचेच, हे मीही धरून चालले होते. माझ्या पेन्शनचे कागद तेव्हा मंजुरीसाठी वर गेलेले होते.

दुरुस्तीची मुदत शुक्रवारपर्यंत होती. तो दिवस मंगळवार. वही दिली तर आकडा भरून निघणार होता, पण तिचं नाव बाहेर येणार होतं. माहेर तिकडचं आणि गाळलेली माणसंही तिकडची. चूक झाली म्हणून कोण ऐकून घेणार? वही जाळली तर कोणाला कधीच कळलं नसतं. तिनं मला काय करू म्हणून विचारलं. मी म्हटलं, दोन दिवस थांबू या. तो सल्ला शहाणपणाचा नव्हता, भीतीचा होता. तिला ते कळलं असावं, कारण तिनं वही माझ्याकडे ठेवली नाही, परत पिशवीत घातली.

ते दोन दिवस तिनं कसे काढले ते मला नंतर तिच्या नवऱ्याकडून कळलं. ती ऑफिसला जात होती, पण डबा तसाच परत आणत होती. ऑफिसातले लोक 'ती बाई' कोण असेल यावर पैजा लावत होते आणि हिला विचारत होते, तुला काय वाटतं? बोलण्यातला तिकडचा हेल लपवायला तिनं बोलणंच कमी केलं. जिन्यात पाऊल वाजलं की हातातलं भांडं खाली ठेवून ऐकत राहायची. आईचा फोन आला तर संडासात जाऊन बोलायची. वही तिनं गहू ठेवायच्या डब्यात तळाशी घातली होती.

गुरुवारी चारच्या सुमाराला मी तिच्या घरी गेले, वही देऊन टाकू या असं सांगायला. निदान घरून निघताना तरी तसं ठरवलं होतं. ती अर्धी रजा टाकून आली होती. मी चहाचा कप उचलला आणि दार वाजलं.

तिघेजण होते. एक गल्लीच्या तोंडाशी मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला. बाकीचे दोघे अनोळखी. सासूनं दार उघडलं, पण उंबऱ्यातून हलली नाही. आम्ही दोघी आतल्या खोलीत, पडद्यामागे. मी तिचा हात धरला होता.

त्यांनी आधी पाणी मागितलं. मग त्या दुकानदारानं हसत हसत विचारलं की शीतगृहाच्या बाजूला तिकडची माणसं राहतात, तिथली मोजणी कोणी केली होती. सासू म्हणाली, मला म्हातारीला काय कळतंय त्यातलं. तेव्हा मागचा एकजण पुढं झाला.

"तुमची सून तिकडचीच ना, आजी? तुम्हीच तर तिला तशी हाक मारता."

मी मागच्या दाराकडे दोनदा पाहिलं.

"मी मारते," ती म्हणाली. "मी तिची सासू आहे. तू कोण रे तिचा?"

दुकानदारानं आवाज खाली आणून सांगितलं की पोरं तापलीयेत, आम्ही आपलं विचारायला आलो. सासूनं त्याला सांगितलं की त्याच्या बारशाला तिनं अंगडं शिवलं होतं, त्याची जाण असेल तर पोरांना घरी घेऊन जावं. ते गेले. पण जिना उतरताना एकानं कठड्यावर काहीतरी जोरात आपटलं. तो आवाज पुढं कितीतरी दिवस माझ्या कानात राहिला.

सासू आत आली, पाटावर बसली आणि सुनेकडे न बघता म्हणाली, "किती गाळलीस?"

"दोनशे त्रेसष्ट."

"गव्हाच्या डब्यात कोणी वही ठेवतं का? मी परवाच पाहिली." थोडा वेळ ती पदरानं मान पुसत राहिली. "ती माणसं आहेत ना तिथं? जिवंत? मग लिहून टाक जा. हे लोक उद्या पुन्हा येतील, वही असली तरी आणि नसली तरी."

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघी तिच्या नवऱ्याच्या पहिल्या बसनं निघालो. ती त्याच्या पाठीमागच्या सीटवर, पिशवी पोटाशी धरून. प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्या माणसांच्या हातांकडे ती पाहत होती. नवरा सबंध वाटेत एकदाच बोलला, जनगणनेच्या ऑफिसाचा थांबा आल्यावर: "इंजिन चालू ठेवतो, काही वाटलं तर परत ये."

अधिकाऱ्यानं वही वाचली, दार लावून घेतलं आणि विचारलं की हे कोणाच्या लक्षात आलं. ती म्हणाली, माझ्याच. मग मी सांगितलं की सही माझी आहे. शनिवारी दुसऱ्या माणसांनी त्या चार इमारती पुन्हा मोजल्या. आमचं शहर पाच लाख एकावन्न भरलं. दोन्ही शहरं पाच लाखांवर गेल्यावर रुग्णालयाचा निर्णय पुढे ढकलला गेला, तो अजून पुढेच आहे.

तिची एक वेतनवाढ थांबली, माझं पेन्शन आठ महिने रखडलं. नाव बाहेर यायचं ते आलंच. माणसं भरून निघाली हे कोणी बोललं नाही. गाळली होती हेच बोललं गेलं. एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून अर्धी वीट आली आणि गॅसच्या शेगडीवर पडली. सासू तेव्हा दोन हात अंतरावर कणीक मळत होती. पुढच्या महिन्यात त्यांनी घर सोडलं.

आता ती शीतगृहामागच्या त्याच चार इमारतींपैकी दुसरीत राहते, तिसऱ्या मजल्यावर, भाड्याच्या दोन खोल्यांत. नोकरी तीच आहे, ऑफिस वेगळं. दाराला आतून दोन कड्या आहेत, आणि नवरा घरी येईपर्यंत ती दोन्ही लावून ठेवते.