दारातून या

"बाई, भिंतीतून काऊन येऊन राह्यल्या? दारातून या ना."

हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी एका उघड्या वावरात उभी होते. भिंत सोडा, आसपास कुंपणाची काटीसुद्धा नव्हती. जमिनीवर पांढऱ्या फक्कीने आखलेल्या रेघा होत्या, त्यांच्या मधोमध छत्री रोवून भाऊ उभे होते, आणि एका रेघेवर माझा पाय पडला होता. मी निमूट मागे सरले, वळसा घातला आणि रेघ जिथे तुटली होती तिथून 'आत' आले. भाऊंचा चेहरा खुलला. "हां. आता पायातलं काढा. हे समजा सैपाकघर."

आमच्या भागात त्यांना सगळे लेआउटवाले भाऊ म्हणत. नाव मुद्दामच घालत नाही. ते असते तर म्हणाले असते, नावाची पाटी घर बांधल्यावर लावा.

आधी ते पुलगावला गिरणीत मागावर होते. गिरणी थांबली तेव्हा सोबतच्यांपैकी कोणी पानठेला टाकला, कोणी ऑटो घेतला. भाऊंनी हिंगणीच्या रस्त्याला एका वावरमालकाशी बोलणी करून लेआउट पाडला आणि प्लॉट विकायला लागले. जन्मभर उभे-आडवे धागे बघितलेला माणूस आता उभ्या-आडव्या रेघा मारत होता. "ताणाबाणा तोच हाय बाई," म्हणायचे, "आता जमिनीवर आला, एवढंच."

आणि गिऱ्हाईक म्हणून त्यांना भेटले मी. त्या वेळची मी म्हणजे एक प्रकरणच होतं. शाळेत पोरांना काळ्या मातीचे गुण शिकवणारी ही बाई त्याच काळ्या मातीत उंच टाचा घालून गेली आणि पावलोपावली एक सँडल जमिनीला अर्पण करत पुढे चालली. डोळ्यांवर गॉगल. तो प्लॉट बघण्यासाठी होता की प्लॉटने मला बघावं म्हणून, हे आज आठवत नाही. मला घराला गोल जिना हवा होता. एकमजली घराचा जिना जाणार कुठे, असं आमच्या ह्यांनी विचारलं, तर मी म्हणाले, शोभेला.

त्यावरून आमचं तिथेच जुंपलं. जिना नको, मोठं न्हाणीघर पाहिजे, असा ह्यांचा हट्ट. आम्ही फक्कीच्या बेडरूममध्ये उभे राहून मनसोक्त भांडलो. मध्येच माझं लक्ष गेलं तर भाऊ फक्कीच्या हॉलमध्ये जाऊन, आमच्याकडे पाठ करून, अगदी अवघडून उभे. नवरा-बायकोच्या खोलीतलं बोलणं ऐकू येतं म्हणून त्यांना लाज वाटत होती. अशा माणसाकडून प्लॉट घेतला नाही तर कोणाकडून घ्यायचा?

प्लॉट विकले गेले धडाधड. मोठी कंपनी येणार अशी हवा होती. कंपनी आली की साहेब येणार, साहेबांना भाड्याने घरं लागणार. आम्ही तर भाडेकरू साहेबाचा स्वभावही ठरवून ठेवला होता: शाकाहारी, मुलं शांत. मग सातासमुद्रापार कुठली तरी बँक बसली, आणि तिकडच्या धक्क्याने हिंगणीच्या रस्त्यावरचं माझं पोर्च कोसळलं. बांधलेलं नव्हतं, तरी कोसळलं. कंपनी आली नाही. साहेबही आपली शांत मुलं घेऊन दुसरीकडे गेला.

भाऊंची कटकट मात्र तिथूनच सुरू झाली. त्यांना एकच गोष्ट हवी होती. "एक घर उठलं पाह्यजे बाई. एकच. मंग बाकीची आपोआप उठतात. पन पहिलं उठाले कोनी तयार नाई." खरंच होतं ते. सगळे मालक एकमेकांकडे बघत बसले होते. शेजारी बांधेल मग आम्ही बांधू, असं मी म्हणायचे. माझा शेजारी पुलगावचा, आणि तो हेच माझ्याबद्दल म्हणायचा.

पावसाळ्यात सगळ्यांची घरं वाहून जायची. दिवाळीच्या आधी भाऊ फक्कीची थैली घेऊन पुन्हा सगळ्यांची बांधून काढत. दारं होती तिथेच. आणि दिवाळीला त्यांची बायको, आमच्या सगळ्यांची वहिनी, प्रत्येक रिकाम्या प्लॉटच्या दाराशी रांगोळी घालून पणती ठेवायची. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोट धरून हसले. वहिनी हसली नाही. म्हणाली, "हसा बाई. पन तुमचं दार सणाले सुनं कसं ठेवू? गावात राह्यता म्हनून काय झालं?"

मग एका संध्याकाळी मोठ्या नोटा बंद झाल्या आणि उरलेसुरले गिऱ्हाईकही पळाले. भाऊ आमच्याकडे चहाला आले, बशी फुंकली आणि म्हणाले, "पाव्हनी परत आली बाई." मंदीला ते पाव्हणी म्हणत. त्यांच्या मते एक पाव्हणी गिरणीत आली होती, एक ती बँकवाली, आणि आता ही. "सख्ख्या बहिनी हायेत," म्हणायचे, "एकीनं पत्ता देला, बाकीच्या बरोबर येऊन राह्यल्या. अन् जेवल्याबगर जात नाईत."

पण हा माणूस पाव्हणीला घाबरून घरात बसणारा नव्हता. जवळच्या बोर अभयारण्याच्या जंगलात वाघ बघायला नागपूरकर येऊ लागले होते. भाऊंनी स्वतःच्या प्लॉटवर टिनाच्या दोन खोल्या टाकल्या, बाहेर बाजा मांडल्या आणि पाटी लावली: घरगुती जेवण, रात्री राहण्याची सोय. "भाऊ," मी म्हटलं, "झालं की पहिलं घर." ते मान हलवत म्हणाले, "हे हाटेल हाय. घर म्हंजे गिऱ्हाइकाचं. माहं कसं धरता?"

पर्यटक यायचे वाघासाठी, आणि भाऊ त्यांना आधी लेआउट दाखवायचे. हे पोस्टमास्तरांचं घर, हे शाळेतल्या बाईंचं, इथं गोल जिना येऊन राह्यला. शहरातली माणसं फोनवर फोटो काढत, आणि रेघेवरून चालली की बोलणी खात. वाघ दिसला नाही तरी पैसे वसूल झाले, असं एक जण मला सांगून गेला.

मग तो आजार आला आणि सगळंच बंद. जंगलाचं फाटक बंद, रस्ता बंद, टिनाच्या खोल्यांना कुलूप. भाऊंना रोज फोन करायचे मी. मला वाटायचं, रडतील. एकदा फार गंभीर आवाजात म्हणाले, बाई, तुमच्या घरात रोही शिरले. माणसं नाहीत म्हणून जंगलातले ते घोड्याएवढे प्राणी कळपाने लेआउटमध्ये चरायला लागले होते. मी विचारलं, मग हाकललं का? भाऊ म्हणाले, "चरू द्या म्हनलं. पन सारे भिंतीतून येतात हो. एक शाना दारातून नाई आला."

त्यानंतर ते थकले. गुडघे गेले. लेकीने दोघांना अमरावतीला नेलं. जाताना फक्कीची थैली माझ्या ओट्यावर ठेवून गेले, आणि वर्षाच्या आतच ते गेल्याचा फोन आला. टिनाच्या खोल्या उतरवल्या. त्या वर्षी फक्की कोणी मारली नाही. लेआउटचं परत वावर झालं.

आणि बघा गंमत, आता तेजी आली! नवा रस्ता, रिसॉर्ट, जागेला भाव. मुलगा पुण्याहून म्हणाला, आई, विकून टाक, या वयात घर बांधणार का? मलाही पटलं. नागपूरचा एक गिऱ्हाईक ठरला. छान माणूस, गाडी छान, बूट तर फारच छान. गाडीतून उतरला आणि गवतातून सरळ माझ्याकडे चालत आला. मी भाव सांगायला तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "अहो, सैपाकघरात बूट?"

त्याने खाली बघितलं. गवत होतं. मग त्याने माझ्याकडे बघितलं, आणि नंतर, थोडा विचार करून, आमच्या ह्यांच्याकडे. म्हातारीचं डोकं ठीक आहे ना, असं ते बघणं होतं. ह्यांनी खांदे उडवले. "तिचा गोल जिना पण आहे इथे," म्हणाले. सौदा तिथेच मोडला.

आता सत्तरीच्या पुढे मी घर बांधायला घेतलं आहे. एक खोली, एक सैपाकघर, ह्यांचं मोठं न्हाणीघर. जिना नाही, माझ्या गुडघ्यांनी तो नामंजूर केला. मिस्त्रीने विचारलं, दार कुठे? मी छत्री रोवून दाखवलं.

परवा चौकट बसवली. अजून भिंती नाहीत. जोत्यावर नुसती लाकडी चौकट उभी, आंब्याची पानं बांधलेली. मुद्दाम वहिनीला बोलावलं होतं. ती ऑटोतून उतरली. जोतं सगळीकडून मोकळंच होतं, आणि ऑटो थांबला होता मागच्या अंगाला. वहिनी एवढा वळसा घालून पुढे आली, चपला काढल्या, चौकटीला हात लावला आणि आत आली. आमचे हे नारळ घेऊन बाजूनेच जोत्यावर चढत होते. तिने मागे न बघताच म्हटलं, "भाऊजी, दारातून." उभ्या जन्मात माझं न ऐकलेला हा माणूस निमूट खाली उतरला आणि फिरून आला.

हळदीकुंकू झालं. वहिनीने उंबऱ्याशी रांगोळी घातली. मला वाटलं, आता बसेल, पेढा खाईल. तिने रांगोळीची डबी मिटली नाही. चौकटीतून बाहेर पडली, आणि शेजारच्या पुलगाववाल्याच्या प्लॉटवर, गवतात वाकून, त्याचं दार शोधू लागली.