पाचवीच्या वर्गाचा वाटा

नवा प्रांत झाला त्या साली मी शहरातल्या शनवारा मोहल्ल्यात नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. शाळा चौथीपर्यंतच. पाचवीचा वर्ग मंजूर झाला होता, पण सरकार गोळा केलेल्या करांतून नगरपालिकेला जो वाटा देतं, त्यातून त्याचा खर्च निघायचा होता. आमचं सरकार कालपर्यंत नागपुरात बसायचं, आता ते भोपाळला गेलं. वाटा मध्येच कुठे अडकला, ते कुणालाच कळेना.

नगरपालिकेतले बडे बाबू म्हणायचे, "बाई, फाइल नागपूरहून निघाली, मगर भोपाळला पोचलीच नाही. आता मी लिहू कोणाला?"

चौथीत जवळच्या निंबोला गावची एक मुलगी होती, मावशीकडे राहून शिकणारी. गणित घातलं की माझ्याआधी तिचं उत्तर तयार! वडील केळीचे बागायतदार. पाचवी सुरू झाली नाही तर तिचं लग्न लावायचं, असं घरी ठरलं होतं. त्यांना थोपवायला मी मोठ्या तोऱ्यात समजावलं, "तुम्ही शेतसारा भरता ना? त्यातलाच वाटा सरकार आम्हाला देणार आहे. थोडं थांबा."

आठवड्याभरात ते पैसे कनवटीला लावून शाळेत हजर. "बाई, हा यंदाचा सारा. सरकारले देऊ, मंग सरकार तुमले देईन, त्यात पोरीचं साल जाईन. तुमीच ठेवा अन् वर्ग उघडा."

हसावं की रडावं तेच समजेना. त्यांना तहसिलीत पाठवून मी बाबूंना गाठलं, तर ते माझ्यावरच डाफरले. "निंबोल्याच्या साऱ्यातून शहराला काय मिळणार? देहात अलग, शहर अलग!" म्हणजे मी चुकीचंच सांगत होते. मग आपल्याला मिळतं तरी कशातून? त्यांनी सांगितलं, पण ते सगळं माझ्या डोक्यावरून गेलं. स्वतःचाच भयंकर राग आला. तरी निंबोल्याला जाऊन चूक कबूल करायची हिंमत काही झाली नाही.

वाटा आला, पण साल उलटून गेल्यावर. पाचवी उघडली. त्या मुलीचे वडील आले ते धाकटीला पहिलीत घालायला. थोरली सासरी गेली होती. त्यांनी जपून ठेवलेली साऱ्याची पावती माझ्या टेबलावर ठेवली.

"म्या तं भरला होता, बाई. मंग माझीच पोर कशी राहिली?"

मी पावती उलटसुलट करून पाहत राहिले. शेवटी टाक दौतीत बुडवला आणि धाकटीचं नाव विचारलं.