मंगळवारी वेरूळ बंद

संभाजीनगरात राहणाऱ्या माणसाला दोन नोकऱ्या असतात. एक पोटाची आणि दुसरी पाहुण्यांना वेरूळ-अजिंठा दाखवण्याची. पहिलीतून मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. दुसरीतून सुटका नाही आणि खरं सांगायचं तर मला ती नकोही होती.

आमचं घर पडेगावला, दौलताबाद रस्त्याला लागून. त्यामुळे कुणाचाही फोन आला की मी वही काढतो आणि आधी ठणकावतो, सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, लिहून घ्या. ही माहिती कुठल्याही पाटीवर वाचायला मिळते, पण मी ती ओळखीच्या साहेबाकडून काढून आणल्यासारखी सांगतो. मग किल्ला किती वाजता चढायचा, खुलदाबादला किती वेळ थांबायचं, पाणचक्की कधी उरकायची, सगळं वहीत. लेण्यांपाशी पोचल्यावर मात्र मी पाहुण्यांना आत सोडतो आणि बाहेर झाडाखाली चहा घेत बसतो. दर वेळी आत काय जायचं?

गाडीत पाच माणसं बसतात. चालवायला मी, उरलेल्या चार जागा पाहुण्यांच्या. माझी बायको पहाटे उठून धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही असा डबा भरते आणि फाटकापाशी उभी राहून हात हलवते. ती पैठणची. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण कैलास लेणं तिनं पाहिलेलं नव्हतं. शाळेची सहल गेली तेव्हा तिला कांजिण्या आल्या होत्या. पाहुणे यायचे म्हटलं की ती हळूच विचारायची, यंदा मी पण येऊ का? आणि मी वहीतून डोकं वर न काढता म्हणायचो, "तू काय, इथलीच. कधीही जाशील." यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही.

गेल्या हिवाळ्यात पुण्याचा मावसभाऊ बायको आणि दोन कॉलेजातल्या मुलांसह यायचा होता. रविवारी संध्याकाळी रेल्वेनं येणार, सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. दोन्ही बंद वार असे चुकवले होते की मी ते पान शेजाऱ्यांनाही दाखवलं. या वेळी बायकोनं हळूच विचारलं नाही. पोळ्या लाटता लाटता सरळ म्हणाली, "मला कैलास बघायचाय. गुडघे दुखायला लागले आता." मी तिला जागांचा हिशेब समजावला. तिनं पुढची पोळी लाटायला घेतली.

मग मावसभावाचा फोन आला, तिकिटं एक दिवस पुढची मिळाली. मी वहीत प्रत्येक ओळीला एक बाण काढला आणि सगळा बेत एक दिवस पुढं सरकवला. बाण फार सुबक आले होते.

मंगळवारी सकाळी आम्ही निघालो. दौलताबादच्या चढावर मी माहिती सांगितली, खुलदाबादला सांगितली, वेरूळच्या फाटकापाशी पोचेपर्यंत सांगतच होतो. फाटक बंद होतं. तिथल्या पहारेकऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तो मला ओळखतो हेच वाईट झालं. साहेब, तुम्हीच तर सगळ्यांना सांगता, म्हणाला. मागच्या सीटवरची मुलं खिडकीकडे तोंड करून हसली. मावसभाऊ पुण्याचा, त्यामुळे तो हसला नाही. त्यानं फक्त माझी वही मागून घेतली आणि ती बराच वेळ वाचली. आम्ही झाडाखाली धपाटे खाल्ले आणि परत आलो.

घरी बायकोनं काय झालं ते ऐकून घेतलं. तुला वार लक्षात आला नव्हता का, असं मी जरा चिडूनच विचारलं.

"आला व्हता," ती म्हणाली. "मला इचारलं कुणी?"

मला तिथल्या तिथं लाज वाटली, पण ती लपवायला मी पेपर उघडला. रात्रीच्या जेवणात मावसभावानं नवा बेत जाहीर केला. अजिंठा पुढच्या खेपेला, उद्या पुन्हा वेरूळ, गाडी तो स्वतः चालवणार. रस्ता सरळ आहे, गाइडची गरज नाही, असंही तो गोड आवाजात म्हणाला. मग त्याची बायको माझ्या बायकोकडे वळली आणि म्हणाली, मग वहिनी, तुम्ही चला की, एक जागा रिकामी आहे.

बुधवारी पहाटे बायको नेहमीच्याच वेळी उठली, डबा भरला, पण या वेळी ठेवणीतली साडी नेसली. मी डब्याची पिशवी खिडकीतून आत दिली आणि उगाचच म्हणालो, दाटीवाटीनं बसलो असतो तर मीही आलो असतो. तिनं पिशवी मांडीवर घेतली. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. माझाच सूर होता.

"तुम्ही काय, इथलेच. कधीबी जाताल."

गाडी रस्त्याला लागली. मी फाटकापाशी उभं राहून हात हलवला, कुणी मागं वळून पाहिलं नाही. भूक लागली होती म्हणून स्वयंपाकघरात गेलो. ताटाखाली दोन धपाटे झाकून ठेवले होते, गार आणि कडेला करपलेले. चांगले डब्यात गेले होते.