खाऱ्या विहिरीतला गळ

माझ्यावर सर्वांत अधिक उपकार आहेत ते अकोल्यातल्या आमच्या शेजारच्या, कापूस तोलणाऱ्या मापाडीमामांचे. मला मुंबईला शिकायला पाठवावे, हे माझ्या निरक्षर वडिलांना त्यांनीच पटवले.

मी मुंबईला गेलो त्या वर्षी विलायतेला कापूस फार जात होता, त्यामुळे ज्याच्या त्याच्या तोंडी समुद्र होता. मामांनी तो पाहिला नव्हता. पण तो खारा असतो, एवढे ऐकले होते. आमच्याकडच्या विहिरीही खाऱ्याच. मग हंगामभर, बाजार बंद असला की, ते मामीला आणि पाच वर्षांच्या लेकीला घेऊन विहिरीत गळ सोडून बसत. कापसाच्या पहिल्या तोलाला एक न म्हणता ‘लाभ’ म्हणायची सवय, म्हणून गळ सोडतानाही ते मोठ्याने ‘लाभ!’ म्हणत.

“मामा, इथं समुद्राचा मासा नसतो,” मी म्हणालो.

“पानी खारं हाये ना? मंग मासा कावून नसीन?”

“तो बी कापूस तोलाले गेला असन,” मामी म्हणाली.

पोर मात्र हसली नाही. “बा, तू खोटं सांगून राहिला,” ती म्हणाली.

मामांचा चेहरा उतरला. मी मुंबईला निघालो तेव्हा त्यांनी एवढेच मागितले, “समुद्र पायजो अन् खरं काय ते लिहिजो. पोरीले वाचून दाखवतो.”

मी लिहिले :

“मामा, साष्टांग नमस्कार. समुद्राचे मासे विहिरीत नसतात. तुम्ही चुकलात, पण खोटे बोलला नाहीत, हे तिला माझ्या नावाने सांगा. इथले कोळी होडीतून दूर जातात आणि त्यांच्या लेकी दिवसभर किनाऱ्यावर वाट पाहतात. तुमची लेक तुमच्या गळाशेजारी बसते.”