बारा ग्रॅमचा नॅपकिन

चन्नप्पाला एका जागी बसवत नव्हतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात तो जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. अठराव्या वर्षी दुधनीहून आला, तो इथलाच झाला. पण त्याचे चार माग आता बिघडलेलेही नव्हते, नुसते उभे होते. परदेशी विमानांत प्रवाशांना हात-तोंड पुसायला गरम नॅपकिन देतात ना, ते या मागांवर विणले जायचे. कोरोनात विमानं जमिनीवर बसली आणि माग थांबले ते थांबलेच. आणि हा बाबा रोज त्यांना तेल घालायचा! कशासाठी, तर विमानं पुन्हा उडतील म्हणून.

उडाली की! पेपरात रोज येऊ लागलं, विमानं खच्चून भरतायत, तिकीट मिळत नाही. चन्नप्पा बातमी वाचायचा, उठायचा, गेटापर्यंत जायचा, परत यायचा. "मालक, मेल आला का?" दिवसातून चारदा.

"मामा, जरा दम धरा की!" कारखान्याचा तरुण मालक राजशेखर वैतागायचा. "या महिन्यात ऑर्डर आली न्हाय, तर चारी माग भंगारात." माग गेले म्हणजे चन्नप्पाही घरी. छप्पन्नाव्या वर्षी त्याला दुसरं कोण ठेवणार?

सव्वीस तारखेला मेल आला. चन्नप्पाच्या जिवात जीव आला, पण क्षणभरच. पूर्वी नॅपकिन वीस ग्रॅमचा असायचा, आता बारा ग्रॅमचा हवा होता.

"बारा? बारात काय येतंय मालक? जाळी येतीय नुस्ती!"

"इंधन लई महागलंय मामा. विमानं भरली तरी हातात काय उरत न्हाय म्हणतात. जेवढं वजन कमी, तेवढं इंधन वाचतंय. आपण नको म्हटलं, तर दुसरा तयारच हाय."

चन्नप्पाला असा राग आला, की कुणावर काढावा तेच कळेना. मागांभोवती येरझाऱ्या घालून घालून शेवटी त्यानं स्वतःच माग लावला. सूत बारीक घेतलं, वीण विरळ केली, पन्नासदा थांबवला, पन्नासदा चालवला. नमुना पास झाला. चारी माग खडखडू लागले, राजशेखरनं पेढे वाटले. कामगार म्हणाले, "मामा, तुमच्यामुळं वाचलो बघा."

संध्याकाळी तो एक नॅपकिन घरी घेऊन गेला. त्याला ताट वाढून बायकोनं, अक्कम्मानं, हात धुतले आणि त्या नॅपकिनलाच पुसले. कापड भिजून बोटांना चिकटलं.

"अय्यो, काय हे फडकं! कुठल्या चोरानं विणलंय हो?"

चन्नप्पा भरल्या ताटावरून उठला. दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा दाराकडं वळला.

"मी," तो म्हणाला. "अन् उद्यापासनं तिन्ही पाळ्यांत विणायचंय."